पाटीच्या आधी : लहानग्यांच्या अक्षरओळखीविषयी वाचकांचे प्रश्न

दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलांना अक्षरांची ओळख कशी करून द्यावी, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी ज्या शंका अनेक पत्रांत आढळल्या, त्यांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. तिच्याच वयाचा शेजारचा मुलगा ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी मुळाक्षरे धडाधड म्हणून दाखवतो. आमच्या मुलीला एकही अक्षर ओळखता येत नाही. आम्ही उशीर तर केला नाही ना?

उत्तर : नाही, उशीर झालेला नाही आणि तुमची मुलगी कोणाच्या मागेही पडलेली नाही. शेजारच्या मुलाचे कौतुक जरूर करावे, परंतु मुळाक्षरे ओळीने म्हणणे आणि अक्षर ओळखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे लक्षात घ्यावे. ओळीने म्हणताना मूल एक लांबलचक गाणेच म्हणत असते. एक अक्षर तोंडून निघाले की पुढचे आपोआप जिभेवर येते. त्याच मुलाला सुटा ‘घ’ दाखवला किंवा ‘घर’ या शब्दाच्या आरंभी कोणता आवाज येतो असे विचारले, तर ते बहुधा गप्प राहील, आणि त्या वयात त्याने गप्प राहण्यात काहीही वावगे नाही.

अक्षर खऱ्या अर्थाने ओळखता येण्यासाठी मुलाला बोललेल्या शब्दातला एक आवाज सुटा ऐकू यावा लागतो, एक आकार इतर आकारांहून वेगळा म्हणून लक्षात राहावा लागतो, आणि त्या आकाराने तो आवाज दाखवला जातो ही गोष्ट उमगावी लागते. यांतली शेवटची गोष्ट मोठ्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती अवघड आहे याचाच त्यांना विसर पडतो. पुस्तकातले बुटाचे चित्र बुटासारखे दिसते. त्याखाली छापलेला ‘बूट’ हा शब्द मात्र बुटासारखा मुळीच दिसत नाही, आणि तरीही आई त्याच्यावर बोट ठेवून ‘बूट’ असेच म्हणते. हे कोडे समजावून सांगितल्याने सुटत नाही. घरातली माणसे यादी करताना, चिठ्ठी लिहिताना, पाटी वाचून वाट ठरवताना मुलाने रोज पाहिली, म्हणजे ते त्याचे त्याला हळूहळू सुटते.

घाईने फार काही हाती लागत नाही, याला संशोधनाचाही आधार आहे. न्यूझीलंडमध्ये सेबास्टियन सगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचायला शिकवलेल्या मुलांची सातव्या वर्षी शिकवलेल्या मुलांशी तुलना केली, तेव्हा सुमारे अकराव्या वर्षापर्यंत दोन्ही गटांचे वाचन सारख्याच पातळीवर आलेले दिसले. तुमची मुलगी तर अजून तीन वर्षांचीही नाही. तिच्याशी भरपूर बोला, तिचे बोलणे तोडू नका, बडबडगीते म्हणा, एकच गोष्ट तिने दहा वेळा मागितली तर दहा वेळा वाचा. पुढे वाचलेले समजण्यासाठी जो शब्दसाठा लागतो, तो याच वयात जमत असतो; अक्षरे मागाहून आली तरी चालते, शब्द मागाहून आले तर मुलाला ते जड जाते.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलगा दोन वर्षांचा आहे. संध्याकाळी त्याला अर्धा तास अक्षरे शिकवायला बसवावे असे ठरवतो, पण तो दोन मिनिटांत उठून पळतो. वेगळा वेळ न काढता काही करता येईल का?

उत्तर : वेगळा वेळ काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन वर्षांचे मूल बसवून शिकत नाही. ते अंगावर पाणी पडताना, सदऱ्यात डोके अडकलेले असताना आणि जिना चढताना शिकते. ही कामे तुम्ही रोज करताच. त्यांत भर घालायची आहे ती फक्त कानांची आणि तोंडाची.

अंघोळीपासून सुरुवात करू. अंग पुसताना टॉवेल गालाला लावून ‘म्म्मऊ’ असे ‘म’ लांबवून म्हणा आणि तुमचे ओठ मुलाला दिसतील असा चेहरा जवळ न्या. ओठ मिटलेले असताना आवाज येतो तरी कुठून, याचे त्याला नवल वाटते. त्याचे बोट तुमच्या नाकाच्या कडेला ठेवा. ‘म’ म्हणताना तिथे होणारी थरथर त्याला जाणवते, आणि मग तो स्वतःच्या नाकाला हात लावून तेच करून पाहतो. काही दिवसांनी ओल्या फरशीवर किंवा वाफ धरलेल्या आरशावर बोटाने मोठा ‘म’ काढा, ‘हा म्म्मऊचा म’ एवढेच म्हणा आणि पुसून टाका. त्याला हवे असेल तर तो पुन्हा काढायला सांगेल. नको असेल तर विषय तिथेच संपू द्या.

म, न, स, श, ल, र हे आवाज असे लांबवता येतात, म्हणून आरंभी तेच घ्यावेत. क, ट, प लांबवता येत नाहीत. ते निसटते आवाज आहेत आणि मुलाच्या कानाला ते पकडायला अधिक कठीण जातात. मात्र प आणि ब ओठांवर दिसतात, त्यामुळे ‘बाबा’, ‘पाय’, ‘पाणी’ म्हणताना ओठ कसे फुटतात याचा खेळ छान रंगतो. वर्णमालेतली पहिली पंचवीस व्यंजने कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानानुसार लावलेली आहेत. ही मांडणी अतिशय शास्त्रशुद्ध आहे, पण मुलाला दिसणारा पवर्ग तिच्यात सर्वांत शेवटी येतो. तेव्हा घरात त्याच क्रमाने जाण्याचा आग्रह धरू नये.

जिना चढताना शब्दाचे तुकडे पाडा : बा-हु-ली, तीन पायऱ्या; टो-मॅ-टो, तीन पायऱ्या; टो-पी, दोन. देवनागरीत एकेका अक्षराने साधारणपणे असा एकेक उच्चारखंड दाखवला जातो, म्हणून पायऱ्यांवरचा हा खेळ पुढच्या लेखनाची खरीखुरी तयारी आहे. शब्द निवडताना मात्र थोडे जपावे. ‘बटण’ लिहिताना अक्षरे तीन असतात, पण बोलताना ‘ब-टण’ असे दोनच ठोके ऐकू येतात. असे शब्द मुलाच्या कानाप्रमाणेच मोजू द्यावेत, दुरुस्त करू नयेत.

कपड्यांच्या घड्या करताना मोजे, सदरे आणि टोप्या वेगळ्या करणे हेही अक्षरांच्याच वाटेवरचे काम आहे. सारखे काय आणि वेगळे काय, हे ज्या डोळ्यांना मोज्यांच्या जोड्या लावताना कळते, त्याच डोळ्यांना पुढे ‘प’ आणि ‘फ’ वेगळे दिसायचे असतात. बाजारात जाण्यापूर्वी यादी करायची असेल तर ती मोबाइलऐवजी कागदावर, मुलाच्या समोर आणि मोठ्याने बोलत लिहा. ‘साबण संपलाय, म्हणून लिहितो सा-ब-ण’. त्यालाही एक चिटोरे आणि खडू द्या. त्याने ओढलेल्या रेघा ही त्याची यादी असते; ती खिशात ठेवा आणि दुकानात ती काढून त्याला वाचायला सांगा. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी हातवारे, चित्रे आणि लुटुपुटीचा खेळ यांत लेखनाची मुळे असल्याचे मांडले होते. रेघोट्यांची ती यादी वाचून दाखवणारे मूल नेमके त्याच टप्प्यावर असते.

रात्री गोष्ट वाचताना अधूनमधून शब्दांखालून बोट फिरवा. वाचन चालू असताना मुलांच्या नजरेची हालचाल टिपणाऱ्या अभ्यासांत असे आढळले आहे की लहान मुले जवळजवळ सगळा वेळ चित्रांकडे पाहतात आणि छापील मजकुराकडे क्वचितच वळतात. आपण बोट ठेवले नाही, तर गोष्ट कुठून येते हे त्यांना कळायला मार्गच नसतो. पण हे पानापानावर करू नये. गोष्टीचा रस गेला तर सगळेच गेले.

आणि एक विनंती : परीक्षा घेऊ नका. ‘हे काय आहे? सांग बरं! काल तर आलं होतं!’ असे विचारले की खेळाची तपासणी होते, आणि दोन वर्षांच्या मुलालाही तो बदल लगेच कळतो. विचारण्याऐवजी सांगा. ‘अरे, तुझ्या नावातला र इथे पाटीवर बसलाय!’ या वाक्याला उत्तर द्यावे लागत नाही, म्हणूनच त्याला ते ऐकावेसे वाटते. नावाचा उल्लेख मुद्दाम केला. बहुतेक मुले सर्वांत आधी स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर ओळखतात, कारण ते त्यांना आपल्या मालकीचे वाटते. त्याच्या कपड्यांच्या खणावर आणि पेल्यावर नाव मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहून चिकटवा. रोज दिसत राहिले तरी पुरे.

प्रश्न : मी आजोबा आहे. आमच्या पिढीने पाटीवर ‘अ’ गिरवत अक्षरे शिकली. मी अडीच वर्षांच्या नातवाचा हात धरून रोज पाटीवर गिरवून घेतो, पण तो पेन्सिल फेकून देतो आणि हात सोडवून घेतो. काय चुकते आहे?

उत्तर : आजोबा, आपण नातवाला रोज वेळ देता ही त्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे, आणि तो वेळ तसाच राहू द्यावा. अडचण पाटीची नाही, हाताच्या वयाची आहे. दीड-दोन वर्षांचे मूल खडू मुठीत धरते आणि सगळा हात खांद्यापासून फिरवते. पुढे ते बोटांनी धरू लागते, तरी तीन बोटांची नेमकी पकड साधारणपणे साडेतीन ते पाच वर्षांच्या दरम्यान पक्की होते. उभी रेघ दुसऱ्या वर्षाच्या आसपास जमते, मिटलेले वर्तुळ तिसऱ्याच्या सुमारास, आणि दोन रेघा एकमेकींना छेदणारी फुली चौथ्याच्या आसपास. आता ‘अ’ डोळ्यांसमोर आणावा : दोन वळणे, मधली आडवी रेघ, उभा दंड आणि वर शिरोरेषा. ज्या हाताला अजून फुली जमत नाही, त्याला आपण वर्णमालेतल्या अवघड आकारांपैकी एक काढायला लावतो. आणि आपण हात धरला की हालचाल आपली होते. त्याच्या हाताला फक्त ओढ जाणवते. म्हणून तो हात सोडवतो.

गिरवण्यामागची मूळ कल्पना मात्र अगदी योग्य आहे, तिचे साधन तेवढे बदलावे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे गुळगुळीत फळीवर चिकटवून मुलांना दिली होती. मूल दोन बोटे त्या आकारावरून लिहिण्याच्या दिशेने फिरवी आणि त्याच वेळी त्या अक्षराचा आवाज ऐके. बोट आकारावरून घसरले की गुळगुळीत फळी लागे, त्यामुळे कोणी चूक दाखवण्याची गरजच पडत नसे. आपण पॉलिशपेपरची अशी चार-पाच अक्षरे घरी सहज कापू शकाल. त्यांच्या शाळेतली मुले बहुतेक तीन वर्षांवरची होती, तेव्हा नातवाने आज केवळ हात फिरवून पळ काढला तरी ते काम झाले असे समजावे. ओळख करून देताना आधी ‘हा र’ असे नुसते सांगावे. बऱ्याच दिवसांनी दोन अक्षरे समोर ठेवून ‘र कुठे आहे?’ असे विचारावे. आणि ‘हे कोणते?’ हा प्रश्न अगदी शेवटी यावा. दाखवता येणे सोपे असते, नाव आठवून सांगणे कठीण.

अंगणात किंवा बागेत ओली वाळू असेल तर तिच्यात बोटाने, भिंतीवर किंवा फरशीवर पाण्यात बुडवलेल्या जाड कुंचल्याने, आणि हवेत संपूर्ण हाताने मोठमोठी अक्षरे काढावीत. पाण्याचे अक्षर वाळून नाहीसे होते, त्यामुळे ते चुकले अशी खंत मुलाला राहत नाही. मातीच्या वळ्या करून त्यांचे ‘र’ आणि ‘ग’ वळवावेत. बोटांत बळ येण्यासाठी कपडे वाळत घालताना चिमटे लावणे, ओला स्पंज पिळणे, झाकणे उघडणे आणि लावणे ही घरकामे पाटीइतकीच उपयोगी आहेत, आणि ती आजोबांच्या जोडीने करायला मुलांना फार आवडते.

कोणत्या अक्षरापासून सुरुवात करावी, असेही आपण विचाराल. नावातले अक्षर पहिले. त्यानंतर वर्णमालेच्या क्रमाने न जाता आकाराने जवळ असलेली आणि काढायला सोपी अक्षरे घ्यावीत. ‘ग म भ न’ हा क्रम अनेक शिक्षक वापरतात तो याच कारणासाठी. सोबतचे शब्दही शक्यतो काना, मात्रा, वेलांटी नसलेले असावेत : नळ, घर, बस, कप, मग. वेलांटीची घाई तर मुळीच करू नये, कारण ‘कि’मधली पहिली वेलांटी लिहितात आधी आणि उच्चारतात मागाहून. डावीकडून उजवीकडे आवाज जोडत जायला नुकत्याच शिकलेल्या मुलाला ही उलटापालट खरोखरच गोंधळात टाकते.

प्रश्न : मुलीसाठी चित्रांची अक्षरकार्डे आणली आहेत. ‘क कमळाचा’ ती छान म्हणते. परंतु पाटीवरचा सुटा ‘क’ दाखवला तर ओळखत नाही, आणि कधी कधी ‘क’ पाहून ‘कमळ’ असेच म्हणते. मोबाइलवरचे अक्षरांचे व्हिडिओ अधिक उपयोगी पडतील का?

उत्तर : ती कार्ड ओळखते, अक्षर नव्हे. कार्डावर मोठे, रंगीत कमळ असते आणि कोपऱ्यात काळा ‘क’; तिची नजर कमळाकडे जाते आणि तोंड पाठ झालेले वाक्य बोलून टाकते. त्यातून एका अक्षराला एकच शब्द कायमचा जोडला गेला की ‘क’ हे त्या चित्राचेच नाव आहे असा समज होतो. हे टाळण्यासाठी कार्डे टाकून देण्याची गरज नाही. तोच ‘क’ कपाच्या शेजारी, कपाटावर, कागदाच्या होडीवर, तिच्या काकांच्या नावात दिसू द्या. शब्द बदलत गेले आणि आकार तोच राहिला, की त्या सगळ्यांत सारखे काय आहे हे तिच्या ध्यानात येईल. चित्रावर तळवा ठेवून अक्षर तेवढे उघडे ठेवणे हीसुद्धा साधी युक्ती आहे.

छपाईच्या वळणाकडेही लक्ष असावे. मराठी वळणाचा ‘ल’ पाकळ्यांसारखा असतो आणि ‘श’ देठाचा. परंतु अनेक पुस्तकांत आणि पडद्यांवर हीच दोन अक्षरे हिंदी वळणाने छापलेली आढळतात. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही, मुलाला मात्र ती दोन वेगळी अक्षरे वाटतात. पहिली काही पुस्तके तरी एकाच वळणाची निवडा आणि हाताने लिहितानाही तेच वळण ठेवा.

व्हिडिओंविषयी मी फारशी अनुकूल नाही. तीन वर्षांखालची मुले पडद्यावरून जितके शिकतात, त्याहून समोरच्या माणसाकडून कितीतरी अधिक शिकतात, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे, कारण माणूस त्यांच्या नजरेला, हसण्याला आणि थांबण्याला प्रतिसाद देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत बसून पडदा पाहणे मुलांसाठी योग्य नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका बरा, अशी मर्यादा आहे. कधी व्हिडिओ लावलाच, तर तिच्या शेजारी बसा, मध्येच थांबवा आणि त्यात दिसलेले अक्षर घरात शोधायला तिच्याबरोबर उठा.

प्रश्न : मुलाला पुढे इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालणार आहोत. मराठी आणि इंग्रजी अक्षरे एकाच वेळी दाखवली तर गोंधळ होईल का? आधी कोणती घ्यावीत?

उत्तर : दोन लिप्या दिसल्याने मुलाचे नुकसान होत नाही, जगात असंख्य मुले दोन लिप्यांच्या सहवासात वाढतात. तरीही घरात जी भाषा बोलली जाते, तिच्या अक्षरांपासून आरंभ करावा असे मला वाटते, कारण मुलाला त्या भाषेतले आवाज आधीच ऐकू येत असतात आणि त्यांची खूण तेवढी मिळवायची असते. शिवाय देवनागरीत ‘म’ला ‘म’च म्हणतात, म्हणजे नाव आणि आवाज एकच. इंग्रजीत ‘डब्ल्यू’ हे नाव घेतल्याने त्या अक्षराचा आवाज मुळीच हाती लागत नाही, म्हणून तिथेही नावाआधी आवाज सांगणे इष्ट. देवनागरीतही अपवाद आहेत : ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ लिहिताना एकच, पण बोलताना निराळा आहे. मुलाने हा फरक दाखवून दिला तर त्याचे कान चांगले तयार झाले आहेत असे समजावे, आणि ‘खरंच की, एकाच अक्षराचे दोन आवाज आहेत’ असे त्याला मोकळेपणाने सांगावे. एका बैठकीत मात्र दोन्ही लिप्या मिसळू नयेत.

प्रश्न : साडेतीन वर्षांची मुलगी ‘भ’ला ‘म’ आणि ‘घ’ला ‘ध’ म्हणते, आणि कधी कधी अक्षर आरशात दिसावे तसे उलटे काढते. हा काही दोष आहे का?

उत्तर : या वयात नाही. पेला डावीकडे वळवला काय आणि उजवीकडे वळवला काय, पेलाच राहतो. डोळ्यांना ही शिकवण आधी मिळालेली असते, आणि अक्षरांच्या बाबतीत ती त्यांना विसरावी लागते. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत उलटे लेखन अधूनमधून दिसू शकते. भ-म, घ-ध, थ-य, ब-व या जोड्या एकत्र शिकवू नका. एक अक्षर पक्के झाल्यावर पुष्कळ दिवसांनी दुसरे आणा, आणि मग गाठ कुठे आहे, पोटातली रेघ कुठे आहे हे बोट फिरवून दाखवा.

प्रश्न : आमचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. त्याला सगळी अक्षरे आणि आकडे येतात, काही शब्दही वाचतो. पण तो आमच्याशी फारसा बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही. सगळे म्हणतात की तो हुशार आहे, बोलेल पुढे.

उत्तर : तो हुशार असेलही, पण केवळ त्या भरवशावर थांबू नका. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द न येणे, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी स्वतःहून केलेली दोन शब्दांची जोडणी न होणे, नावाने हाक मारल्यावर न वळणे आणि हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे, या गोष्टी दिसल्या तर बालरोगतज्ज्ञांना लगेच भेटावे आणि श्रवणशक्तीची तपासणी करून घ्यावी. वयाच्या मानाने फार लवकर अक्षरे आणि शब्द ओळखणे, पण बोलणे आणि समजणे त्या मानाने मागे असणे, याला हायपरलेक्सिया म्हणतात. काही मुलांत ते स्वमग्नतेबरोबर दिसते, काहींत नाही. हे तज्ज्ञच तपासून सांगू शकतात. तपासणीत काही निघाले नाही तर तुमचे काहीच बिघडत नाही, आणि निघाले तर लवकर मिळालेल्या मदतीचा फायदा फार मोठा असतो.

तोवर त्याची अक्षरांची आवड दडपू नका, तिचा संवादासाठी उपयोग करा. त्याला हवे असलेले अक्षर तुमच्या हातात ठेवा, चेहऱ्याजवळ धरा, त्याने तुमच्याकडे पाहिले की लगेच द्या. ‘ये’, ‘दे’, ‘अजून’ हे शब्द कार्डावर लिहून त्या त्या प्रसंगी दाखवा आणि बोला. जो शब्द त्याला वाचता येतो, तो वापरल्याने माणूस उठून आपल्याकडे येतो, हा अनुभव त्याला मिळायला हवा.

प्रश्न : फ्रिजवर लावायची चुंबकाची अक्षरे पावणेदोन वर्षांच्या मुलासाठी आणावीत का?

उत्तर : आत्ता आणू नयेत. स्वस्त अक्षरांतले छोटे चुंबक निघून येतात, आणि एकाहून अधिक चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या दोन भिंती मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे भाग तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जो तुकडा सहज मावतो, तो घशात अडकण्याइतका लहान समजतात. आवाज करणाऱ्या अक्षरपुस्तकांतल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या तर त्याहूनही घातक आहेत, कारण अन्ननलिकेत अडकलेली अशी बॅटरी दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकते. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होणारे असेल तरच असे पुस्तक घ्यावे. त्याऐवजी जाड कापडाची किंवा फोमची तळहाताएवढी अक्षरे कापून द्या, आणि फोमचे तुकडे मूल चावत असेल तर तीही काढून ठेवा. चुंबक किंवा बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी त्रास सुरू होण्याची वाट न पाहता मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.